ओल्या थंडीची परीक्षा : पावसाळी कपड्यांच्या चाचण्या कुठून आल्या?

रेनजॅकेटच्या आतल्या पट्टीवर एक आकडा छापलेला असतो : १०,००० मिमी, कधी २०,००० मिमी. दुकानदार तो ठासून सांगतो आणि गिऱ्हाईक त्यावर भरवसा ठेवून पैसे मोजतं. १०,००० मिमीचा अर्थ इतकाच, की कापडाचा तुकडा साच्यात घट्ट बसवून एका बाजूने पाण्याचा दाब वाढवत नेला आणि दुसऱ्या बाजूला तीन ठिकाणी थेंब उमटेपर्यंत त्याने १० मीटर उंच पाण्याइतका दाब सोसला. कापड बहुधा नवं, सपाट आणि जागच्या जागी असतं. आत माणूस नसतो, घाम नसतो, वारा नसतो, खांद्यावर सॅकचे पट्टे नसतात. थंड पावसात माणूस कसा दगावतो हे मात्र माणूस आत असल्याशिवाय कळत नाही. चाचण्यांच्या इतिहासात हे शहाणपण फार उशिरा आलं, आणि बहुतेक वेळा जीव गेल्यानंतर आलं.

पाणी अडवणं हा प्रश्न तसा लवकर सुटला होता. चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ मध्ये ग्लासगोत रबर विरघळवून दोन कापडांमध्ये त्याचा थर देण्याचं पेटंट घेतलं. तो कोट थंडीत ताठ व्हायचा, उन्हात चिकट व्हायचा, पण पाऊस आत येऊ देत नव्हता. घामही बाहेर जाऊ देत नव्हता. चढावर चालणारा माणूस अशा कोटात आतूनच भिजतो, आणि थांबला की त्याच ओलाव्याने गारठतो. आपल्याकडे प्लास्टिकचा रेनकोट घालून गड चढलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. मावळातल्या शेतकऱ्याच्या आणि धनगराच्या डोक्यावरची घोंगडीची खोळ त्या मानाने बरी. लोकर पाणी पिते, जड होते, तरी भिजल्यावरही थोडी ऊब धरून ठेवते. सुती कपड्याला तेवढंही जमत नाही.

ओली थंडी हा कोरड्या थंडीहून वेगळा शत्रू आहे, हे सैन्यांना दुसऱ्या महायुद्धात कळलं. मे १९४३ मध्ये अमेरिकी फौज अलास्काच्या टोकाकडच्या, जपान्यांनी बळकावलेल्या ॲटू बेटावर उतरली. मोहिमेतल्या सातव्या डिव्हिजनचा सराव कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात झालेला. लढाई तीन दिवसांत आटोपेल असा अंदाज होता, ती जवळपास तीन आठवडे चालली. बेटावर धुकं, पाऊस, वितळता बर्फ आणि पायाखाली दलदल. तापमान ध्रुवीय म्हणावं इतकं खाली नव्हतंच. सैनिकांच्या पायात चामड्याचे बूट होते, ते भिजले आणि वाळायला सवडच मिळाली नाही. १५,००० हून अधिक जणांच्या फौजेत ५४९ मारले गेले, १,१४८ जखमी झाले आणि सुमारे २,१०० जण आजार व लढाईबाहेरच्या इजांनी निकामी झाले. त्यात सर्वाधिक होता ट्रेंच फूट. सतत ओल्या आणि गार राहिलेल्या पायांतला रक्तपुरवठा मंदावतो, मग पाय बधिर होतात, सुजतात, सडू लागतात. शत्रूच्या गोळ्यांपेक्षा आजारांनी आणि लढाईबाहेरच्या इजांनी जास्त माणसं बाद केली, आणि त्यात ओल्या बुटांचा वाटा मोठा होता.

त्या काळात प्रयोगशाळांमध्ये मोठं काम चाललेलं होतं. १९४१ मध्ये गॅग, बर्टन आणि बॅझेट या शास्त्रज्ञांनी कपड्याची ऊब मोजायला ‘क्लो’ हे एकक आणलं : २१ अंश सेल्सिअसच्या, फारशा वाऱ्याविना असलेल्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला सुखाने राहता येईल इतकी ऊब म्हणजे १ क्लो. त्याच दशकात तांब्याचे, आतून विजेने तापवलेले पुतळे तयार झाले. पुतळ्याला कपडे चढवायचे, गार खोलीत उभं करायचं आणि अंग ठरावीक तापमानाला ठेवायला किती वीज खर्च होते ते पाहायचं. एका कोटाची दुसऱ्याशी तुलना आता मतावर नाही, मापावर होऊ लागली. कपड्यांच्या विज्ञानातली ही मोठी उडी होती. पण त्या पुतळ्याला घाम येत नव्हता आणि तो दमतही नव्हता.

त्याच युद्धात ब्रिटिशांचा प्रश्न समुद्राचा होता. रशियाकडे जाणाऱ्या जहाजांच्या ताफ्यांचं रक्षण करणारे वैमानिक पाण्यात पडले, तर गोठत्या समुद्रात काही मिनिटांतच संपायचे. मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटने त्यासाठी लांब धाग्याच्या कापसाचं अतिशय घट्ट विणीचं कापड बनवलं, व्हेंटाइल. भिजलं की त्याचे धागे फुगतात आणि विणीतली छिद्रं बुजतात. कोरडं असताना मात्र त्यातून वाफ बाहेर जाते. रबराचा थर न देता पाणी थोपवणारं हे कापड पुढे गिर्यारोहकांनीही आपलंसं केलं.

युद्धानंतरच्या काळात ज्या माणसाचं नाव घ्यायलाच हवं, ते ग्रिफिथ प्यू. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलमधला हा शरीरशास्त्रज्ञ १९५२ मध्ये हिमालयातल्या चो ओयू शिखरावरच्या मोहिमेत आणि १९५३ मध्ये एव्हरेस्टच्या मोहिमेत गेला. प्राणवायू, पाणी, आहार, बूट, कपडे या सगळ्यांत त्याचा हात होता. हिलरी आणि तेनझिंग यांची नावं सगळ्यांना माहीत, प्यूचं फारसं कुणाला नाही, आणि मला हा अन्याय वाटतो. पण आपल्या विषयातलं त्याचं सर्वांत मोलाचं काम एव्हरेस्टवरचं नाही. ते इंग्लंडमधल्या अगदी मामुली उंचीच्या डोंगरांवरचं आहे.

मार्च १९६४ मध्ये डर्बीशायरच्या परिसरात ‘फोर इन्स वॉक’ ही रोव्हर स्काउटांची, म्हणजे वयाने मोठ्या तरुण स्काउटांची, चालण्याची स्पर्धा होती. अंतर सुमारे ७० किलोमीटर, एका दमात, रात्रीसुद्धा चालत. तापमान गोठणबिंदूच्या थोडंसं वर, पण पाऊस आणि जोराचा वारा. निघालेल्या २४० जणांपैकी फक्त २२ जणांनी अंतर पुरं केलं, आणि तीन तरुण गारठून मेले. हिमालय नाही, हिमवादळ नाही, म्हातारं किंवा आजारी कुणी नाही. मग धडधाकट पोरं मेली कशी?

प्यूने या घटनेचा तपास केला आणि नंतर प्रयोगशाळेत तीच परिस्थिती उभी केली. चालणाऱ्यांच्या अंगावर होते तसे कपडे घातलेल्या माणसांना सुमारे ५ अंशांच्या खोलीत, पंख्याच्या वाऱ्यात, कपडे भिजवून, जागेवरच सायकल चालवायला लावली. शरीर किती उष्णता तयार करतं, किती गमावतं आणि आतलं तापमान कुठे जातं, हे मोजलं. भिजणं, वारा आणि हालचाल हे तिन्ही एकत्र आले की कपड्यांची ऊब कोरड्या अवस्थेतल्या उबेचा एक लहानसा अंश उरते, असं दिसलं. त्याला भौतिक कारण आहे. कापडात साठलेली स्थिर हवा ऊब देते. तिची जागा पाण्याने घेतली, तर पाणी हवेच्या जवळपास २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. वर वाऱ्याने बाष्पीभवन होतं, ते आणखी उष्णता ओढतं.

त्याहून महत्त्वाचा होता दुसरा निष्कर्ष. जोरात चालणारा माणूस ओल्या कपड्यांतही तग धरतो, कारण त्याचे स्नायू भरपूर उष्णता बनवत असतात. तो दमला, पावलं मंदावली, की हा बंब विझतो आणि शरीराचं तापमान झपाट्याने घसरतं. थकवा आणि थंडी एकमेकांना ओढत खाली नेतात. धडपडणं, चिडचिड, असंबद्ध बोलणं ही लक्षणं सोबत्यांना नुसत्या थकव्याची वाटतात, आणि ‘अजून थोडं चाल’ असं सांगून त्याला पुढे रेटलं जातं. कुठल्याही कापडाच्या साच्यात ही गोष्ट दिसली नसती. ही स्पर्धा पुढेही चालू राहिली, पण सामानाच्या सक्तीच्या तपासणीसह.

१९६९ मध्ये बॉब गोर यांनी पीटीएफई (म्हणजे टेफ्लॉन) हा पदार्थ झटक्यात ताणून सूक्ष्म छिद्रांचा पडदा बनवला. पाण्याच्या थेंबाला ती छिद्रं फार लहान, वाफेला पुरेशी मोठी. १९७६ पासून या पडद्याचं, म्हणजे गोरटेक्सचं, सामान गिर्यारोहकांच्या हाती आलं आणि सुरुवातीची काही जॅकेट वापरता वापरता गळू लागली. अंगाचं तेल आणि घामातली घाण त्या पडद्यात शिरत होती. प्रयोगशाळेत पास झालेलं कापड माणसाच्या अंगावर नापास झालं. पुढच्या पिढीत आतून तेल न शोषणारा थर आला, आणि दीर्घकाळ वापरून, धुऊन पुन्हा तपासणं हा चाचणीचा भाग झाला.

वाफ बाहेर जाण्याच्या मापाचंही तसंच. ते मोजण्याच्या पद्धती अनेक आहेत आणि त्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून दोन कंपन्यांचे ‘ब्रीदेबल’ (वाफ बाहेर सोडण्याचे) आकडे शेजारी ठेवून काही ठरवू नये. शिवाय वाफ आपणहून बाहेर जात नाही. आत आणि बाहेर बाष्पदाबात, म्हणजे हवेतल्या वाफेच्या दाबात, फरक असला तरच ती सरकते. ५ अंशांच्या पावसात हा फरक मोठा असतो. सह्याद्रीत जुलैमध्ये २५ अंश आणि हवेत पुरती दमट ओल असताना तो जवळपास निम्म्यावर येतो. महागडं जॅकेट लोहगडावर आतून ओलं झालं, तर ते नकली आहे असं नाही. तेच जॅकेट हिमालयात चांगलं चालेल. उलट, सह्याद्रीत काही होत नाही म्हणून जीन आणि सुती टी-शर्टवर हिमालयात जाणं जिवावर बेतू शकतं. आणि सह्याद्रीतही भिजलेला, उपाशी, दमलेला ट्रेकर रात्री माथ्यावरच्या वाऱ्यात गारठू शकतो, त्याला शून्य अंश लागत नाहीत.

आता सगळ्या चाचण्या पुन्हा नव्याने कराव्या लागत आहेत. कापडावर पाणी मोत्यासारखं घरंगळावं म्हणून वापरले जाणारे फ्लोरिनयुक्त लेप निसर्गात विघटित होत नाहीत, म्हणून त्यांवर बंदी येते आहे. कॅलिफोर्नियात कपड्यांवरची ही बंदी १ जानेवारी २०२५ पासून लागू झाली. अतिपावसात वापरायच्या खास कपड्यांना मात्र २०२८ पर्यंत मुभा आहे. गोर कंपनीनेही २०२२ मध्ये पीटीएफईऐवजी फ्लोरिन नसलेल्या पॉलिएथिलीनचा नवा पडदा बाजारात आणला. फ्लोरिनविरहित लेप पाणी झटकतो, पण तेल आणि मळ तितका झटकत नाही, त्यामुळे कापड लवकर ओल धरतं. वरचं कापड भिजलं की आतला पडदा शाबूत असूनही वाफेची वाट अडते आणि अंगाला गारवा लागतो. म्हणून नव्या जॅकेटची परीक्षा पाहताना पहिल्या दिवशीचे मोती बघण्यात अर्थ नाही. दहा-बारा वेळा धुतल्यावर, सॅकच्या पट्ट्याखाली खांद्यावर आणि कोपराच्या घडीत, तासाभराच्या पावसानंतर कापड किती पाणी धरतं, ते बघायला हवं.