परिस्थिती कशीय, हे नक्की कुणाला विचारलं?

रिझर्व्ह बँक दर दोन महिन्यांनी लोकांना विचारते, वर्षापूर्वीपेक्षा आता कसं चाललंय? सुधारलं, तसंच आहे का बिघडलं? एकूण आर्थिक परिस्थिती, नोकरी, उत्पन्न, किमती, खर्च असे पाच प्रश्न. ‘सुधारलं’वाल्यांच्या टक्क्यांतून ‘बिघडलं’वाले वजा करायचे आणि 100 मिळवायचे, म्हणजे 30 टक्के खूश आणि 50 टक्के वैतागलेले असले तर आकडा 80, आणि पाचही प्रश्नांची मग सरासरी. मे 2021 ला कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत हा आकडा 48.5 वर आलेला, तोपर्यंतचा सगळ्यात खालचा. आणि पुढच्या वर्षाचं विचारलं की लोक बहुतेक वेळा आत्तापेक्षा बरंच सांगतात, आपला माणूस आशेवरच जगतो ना.

महागाई किती असं विचारलं तर मात्र लोक सरकारी आकड्यापेक्षा जास्तच सांगतात. खोटं नाही बोलत ते, दूध-भाजी-गॅसचे भाव सारखे डोळ्यासमोर असतात, टीव्ही स्वस्त झाला हे कोण ध्यानात ठेवतंय!

आता हेच सांगलीच्या मार्केट यार्डात विचारा. हळदीचा भाव चढला की पोती घेऊन आलेला शेतकरी खूश, आणि तीच हळद घेऊन मसाले करणाऱ्या बाई म्हणणार धंदा परवडत नाही. दोघंही खरंच बोलतायत. वाळव्यातल्या ऊसवाल्याचं उत्तर दुष्काळी जतच्या माणसाला लागू पडत नाही, शितावरून भाताची परीक्षा करायची तर भात सगळीकडे सारखा शिजलेला पाहिजे की नको? म्हणून आधी असे गट पाडायचे आणि मग प्रत्येक गटातनं चिठ्ठ्या टाकून माणसं निवडायची. वर सांगितलेला सर्व्हे 19 मोठ्या शहरांतला, आपल्याकडचं मुंबई आणि नागपूर, सांगली-सातारा त्यात नाहीच.

जास्त लोकांना विचारलं की झालं, असंही नाही. 1936 ला अमेरिकेत अध्यक्षाच्या निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकानं 1 कोटी लोकांना पत्रं धाडली, 24 लाखांच्या आसपास उत्तरं आली, आणि सांगितलं काय तर रूझवेल्ट पडणार. ते 48 पैकी 46 राज्यं जिंकले! पत्ते घेतलेले फोनच्या डिरेक्टरीतनं आणि गाडीवाल्यांच्या यादीतनं, त्या मंदीत फोन आणि गाडी होती कुणाकडं?

अशी माणसं किंवा शेतं निवडून अंदाज काढायच्या शास्त्रातलं मोठं नाव आपल्या साताऱ्याचं आहे, पां. वा. सुखात्मे, जन्म 1911, गाव बुध, खटाव तालुका. पीक किती आलं हे अंदाजायला जी पीक कापणी करतात, तिच्यावरनं त्यांचा दुसरे मोठे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्याशी वाद झालेला. शेतात छोटा तुकडा आखून कापला की उतारा जास्त दिसतो, कारण अगदी कडेवरचं रोप माणूस नकळत आतच धरतो, म्हणून तुकडा मोठा घ्या असं सुखात्म्यांचं म्हणणं. माणसांच्या सर्व्हेतपण हीच कड असते. निवडलेल्या घराला कुलूप दिसलं की शेजारी विचारून मोकळं व्हायचं, पण माण-खटावात कुलूप लावून मुंबईला गेलेलं घर असलं तर नेमकी त्यांचीच परिस्थिती कळायला हवी होती ना.