टाकू नका, खावा! चिलापी, शिंगटं आणि काटेरी मासा

आमच्या दुकानातनं गळ, दोरा, रॉड नेणाऱ्या सगळ्या मंडळींसाठी.

रविवारी कळंबा तलावाला नाहीतर भोगावती नदीकडं गेलं की काठावर वाळत पडलेली चिलापी (तिलापिया मासा) दिसतीच. रोहू कटला पिशवीत आणि बाकीचं काठावर फेकून जायचं, हे आम्हाला मनापासनं पटत नाही, मारलाय तर खावा. भिगवण-इंदापूर साईडला उजनी धरणातली हीच चिलापी लोक हॉटेलात मागून खातात. आणि पाण्यात परत सोडायचं म्हणाल तर हा मूळचा आफ्रिकेतला मासा, १९५२ साली भारतात आणला, मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळती त्यामुळं पैदास लई होती आणि आपल्या गावठी माशांची जागा जाती. मादी गळाला लागली की कधी कधी तोंडातनं बारकी पिल्लं हातावर सांडतात, बघितलं असंल तुम्ही.

तक्रार एकच असती, चिखलाचा वास येतो. तर तो वास जिओस्मिन नावाच्या पदार्थाचा, हिरव्या पाण्यातलं शेवाळ आणि काही जिवाणू तो तयार करतात, पहिल्या पावसात मातीला जो वास सुटतो तो पण ह्याचाच. माशाच्या कातड्यात आणि चरबीत तो साठतो, म्हणून चिलापीचं नुसतं खवलं काढून भागत नाही, कातडं सोलायचं, पोटाच्या आतला काळा पडदा खरवडून काढायचा आणि तुकड्याच्या मधली लालसर-काळपट पट्टी पण कापून टाकायची. मग मीठ आणि चिंचेचा कोळ किंवा लिंबू चोळून अर्धा तास ठेवा, आंबटानं हा वास मोडतो, नंतर धुऊन कांदा-लसूण चटणी लावून तव्यावर टाका, घरात कुणी नाक मुरडणार नाही.

काटेरी माशाचं वेगळं. रोहूच्या जातीतल्या सगळ्याच माशांच्या मांसात वाय अक्षरासारखे बारीक काटे असतात, लहान माशात ते जास्त त्रास देतात, म्हणून लोक टाकतात. धारदार सुरी घ्या, साफ केलेला मासा आडवा ठेवून पाठीपासनं पोटाकडं दोन-तीन मिलिमीटरवर चिरा देत जा, कण्यापर्यंत, पण पार तोडायचं नाही. काटे कापताना कर्रकर्र आवाज येतो, तो यायलाच पाहिजे, नाही आला तर सुरी वरवर चाललीय. मीठ, हळद, चटणी चिरांच्या आतपर्यंत भरा, तांदळाच्या पिठात घोळवा आणि कडकडीत तेलात तळा, तेल चिरांत शिरून काट्याचे तुकडे कुरकुरीत होतात, भाकरीबरोबर तसेच चावून खाता येतात. रस्सा करायचा असला तरी आधी तळून मगच सोडा.

शिंगटं म्हणजे मिशावाला मासा (कॅटफिश). त्याचे काटे तीन, पाठीवर एक आणि कल्ल्यामागं दोन बाजूंना, गळ काढायच्या आधी पक्कडीनं मोडा. टोचलाच तर सोसवंल तेवढ्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, ठणका कमी होतो, सूज वाढली तर डॉक्टरकडं जावा. बुळबुळीतपणा मीठ आणि राख चोळून जातो, कालवणाला ह्याच्यासारखा मासा नाही, मांसात बारीक काटे नसतात त्यामुळं पोरांना पण देता येतो. थाई मांगूर, म्हणजे बाहेरदेशातनं आलेला मिशावाला मासा, मिळाला तर मात्र पाण्यात परत सोडू नका, तो पाळायला आणि विकायला बंदी आहे.

आता हे नीट वाचा. पाण्याला फेस आलाय, मासे वर येऊन तडफडताहेत, असलं दिसलं की पंचगंगेचा असो कुठला असो, तो मासा घरी न्यायचाच नाही, कितीही धुतला तरी नाही. आणि माशाचं पित्त साखरेच्या आजारावर (डायबेटीसवर) औषध म्हणून कच्चं गिळणारे लोक अजून आहेत, रोहूच्या पित्तानं किडनी निकामी होऊन माणसं दवाखान्यात गेलेली आहेत, पित्ताची हिरवी पिशवी न फोडता काढून टाका. गोड्या पाण्यातला मासा अर्धाकच्चा खाऊ नका, त्यात जंत असू शकतात.

चिरा द्यायला पातळ पात्याची सुरी आणि लांब तोंडाची पक्कड दुकानात आहे. घरची सुरी असली तर तीच घेऊन या, धार लावून देतो, चिरा कशा द्यायच्या ते पण काउंटरवर दाखवतो.