लॅपटॉपवर वाजतो, गाडीत का नाही?

लॅपटॉपवर व्यवस्थित चालणारा पेन ड्राइव्ह गाडीत लावला की स्टीरिओ 'नो फाइल' म्हणून मोकळा होतो. मग लोक नवा ड्राइव्ह आणतात आणि तोही तसाच वागतो. बऱ्याचदा बिघाड दोन्हीकडे नसतो. ड्राइव्हवरच्या फाइलींची नोंद ज्या पद्धतीने ठेवलेली असते, ती पद्धतच स्टीरिओला ठाऊक नसते.

फॅट32 ही पद्धत 1996 ची. ती जवळपास प्रत्येक स्टीरिओला वाचता येते. मोठ्या क्षमतेचे ड्राइव्ह मात्र बहुधा एक्सफॅटमध्ये येतात, आणि ही पद्धत 2006 ची असूनही जुन्या स्टीरिओंना कळत नाही. विंडोजच्या एनटीएफएस या पद्धतीचीही तीच गत. म्हणून जुन्या गाडीसाठी 32 जीबीपर्यंतचाच ड्राइव्ह घ्यावा आणि तो फॅट32 मध्ये फॉरमॅट करावा. आधी गाणी दुसरीकडे उतरवून ठेवा, कारण फॉरमॅट मारला की सगळं पुसलं जातं.

एवढं करून गाणी वाजू लागली, तरी क्रम भलताच. इथे खरी गंमत आहे. फॅट32 मधला फोल्डर म्हणजे हजेरीपटच; 32-32 बाइटच्या ओळी, आणि जी फाइल आधी आली तिची ओळ आधी. लॅपटॉप ही नावं अकारविल्हे लावून दाखवतो, पण ते फक्त स्क्रीनपुरतं. साधा स्टीरिओ तसले कष्ट घेत नाही, पहिल्या ओळीपासून वाजवत सुटतो. त्यातून एखादं गाणं डिलीट केलं की त्याची ओळ रिकामी होते, आणि पुढे टाकलेलं नवं गाणं कित्येकदा त्याच जागी जाऊन बसतं. भजनांच्या मधोमध लावणी येते ती अशी. नावापुढे 01, 02 असे आकडे घालून अशा स्टीरिओपुढे काही चालत नाही. फोल्डर रिकामा करून गाणी हव्या त्या क्रमाने एकेक करून पुन्हा टाकावी लागतात. कंटाळवाणं आहे, पण हमखास.

देवनागरी नावांच्या जागी चौकोन दिसले, तर स्टीरिओत तो फॉन्ट नाही एवढंच. गाणं शाबूत असतं. काही स्टीरिओंना न वाजणाऱ्या एम४ए प्रकारच्या फाइलचं नाव बदलून शेवटी '.एमपी३' लावल्याने ती एमपी३ होत नाही, ती रीतसर कन्व्हर्टच करावी लागते.

मॅकवरून गाणी टाकली असतील, तर प्रत्येक गाण्याबरोबर टिंब आणि अधोरेषेने सुरू होणारी एक छोटी लपलेली फाइल ड्राइव्हवर येऊ शकते. स्टीरिओ तिलाही गाणं समजतो आणि दर गाण्याआड अडखळतो. या फाइली विंडोजच्या लॅपटॉपवर 'लपलेल्या फाइली दाखवा' करून बिनधास्त उडवाव्यात.