वीज नाही, तरी निकेल चढतं

जळगाव एमआयडीसीत पीव्हीसी पाइपच्या डायवर, म्हणजे पाइपला आकार देणाऱ्या पोलादी साच्यावर, निकेल चढवलेलं दिसलं की बघणारा म्हणतो, “चकाकीसाठी केलंय.” चकाकी काय, बफ मारूनही येते. पीव्हीसी डायमध्ये अडकून जास्त तापलं की हायड्रोजन क्लोराइड हा आम्लवायू सुटतो आणि पोलाद खातो. या आम्लात हार्ड क्रोम, म्हणजे क्रोमियमचा कडक थरही विरघळतो. १० टक्क्यांहून जास्त फॉस्फरस असलेलं निकेल मात्र बरंच तग धरतं.

विजेच्या प्लेटिंगमध्ये धारेवर थर जाड चढतो, खोबणीत पातळ. इलेक्ट्रोलेस पद्धतीत तो सगळीकडे सारखा, कारण इथे वीजच नाही. टाकीत निकेल सल्फेट आणि सोडियम हायपोफॉस्फाइट, तापमान ८५ ते ९० अंश, पीएच ४.६ ते ५. हायपोफॉस्फाइट इलेक्ट्रॉन देतं, निकेलचे आयन ते घेऊन धातू होतात, पण उत्प्रेरक पृष्ठभाग मिळाला तरच. पोलादावर पहिले कण बसले की पुढे निकेल स्वतःच स्वतःचं उत्प्रेरक! १ ग्रॅम निकेलमागे सुमारे ५ ग्रॅम हायपोफॉस्फाइट खर्च होतं, त्यातला थोडा फॉस्फरस थरातच अडकतो. आम्ल तयार होऊन पीएच उतरतो, वेगही मंदावतो. म्हणून अमोनिया घालत राहायचं.

गंमत अशी, की उत्प्रेरकाला डाय आणि धूळ यातला फरक कळत नाही. टाकीत कचरा पडला किंवा हीटरजवळ द्रावण उकळलं, की तिथेच निकेल जमतं, पृष्ठभाग वाढतो, वेग वाढतो आणि बघता बघता सगळी टाकी काळी. हे टाळायला लिटरमागे जेमतेम १ मिलिग्रॅम शिसं घालतात. जास्त झालं तर डायच्या धारा कोऱ्या राहतात. टाकी ‘फुटू’ नये, म्हणजे द्रावण असं बिघडू नये म्हणून शेडच्या दारावर लिंबू-मिरची टांगणारे आहेत. लिंबातलं सायट्रिक आम्ल निकेलचे आयन धरून ठेवतं खरं, पण त्यासाठी ते टाकीत हवं.

थर सोलून निघाला तर दोष बहुतेक धुण्यात असतो. कॉस्टिक सोड्याने तेल काढल्यावर पाणी ओतून बघा: सलग पडदा राहिला तर ठीक, थेंब तुटले तर तेल उरलंय. मग आम्लात बुचकळणं, धुणं आणि लगेच टाकी. २५ मायक्रॉन जाड थराला साधारण दोन तास लागतात.

पैसे वाचवायला ५ मायक्रॉनवर भागवू नका. लोखंडावरचा झिंकचा थर खरचटला तर आधी झिंक झिजतं. निकेलच्या पातळ थरात राहिलेल्या बारीक छिद्राखाली मात्र लोखंडच झिजतं, तेही उघड्या लोखंडापेक्षा वेगाने.