हार्ड डिस्कची १३७ जीबी मर्यादा

१३७ जीबी मर्यादा : जुन्या संगणकाला किंवा जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमला मोठ्या हार्ड डिस्कचा फक्त पहिला १३७ जीबीचा भाग ओळखता येतो, ती अडचण. विंडोज १ जीबी म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट धरते, म्हणून तिच्या पडद्यावर हाच आकडा १२८ जीबी किंवा १२७.९९ जीबी असा उमटतो. विंडोज ९८, विंडोज २००० आणि सर्व्हिस पॅक (मायक्रोसॉफ्टने नंतर दिलेला दुरुस्त्यांचा संच) नसलेली विंडोज एक्सपी या तिघींना ही मर्यादा लागू होते. छापखान्यातले डीटीपीचे संगणक, सीएनसी मशिनींना जोडलेले पीसी, प्रयोगशाळेतल्या उपकरणांसोबत आलेली यंत्रे अशा ठिकाणी या आवृत्त्या अजून चालतात, कारण तिथले सॉफ्टवेअर किंवा कार्ड नव्या विंडोजवर चालत नाही. जुनी डिस्क बिघडली की बाजारात मिळते ती मोठीच, आणि प्रश्न तिथून सुरू होतो.

मर्यादा कुठून येते

हार्ड डिस्कवरची माहिती सेक्टरमध्ये साठते. एक सेक्टर ५१२ बाइटचा आणि प्रत्येकाला शून्यापासून सुरू होणारा क्रमांक. संगणक आणि डिस्क एकमेकांशी बोलतात त्या जुन्या एटीए पद्धतीत हा क्रमांक पाठवायला २८ बिट ठेवले होते. २८ बिटांत २६,८४,३५,४५६ क्रमांक बसतात. त्यांना ५१२ ने गुणले की १,३७,४३,८९,५३,४७२ बाइट होतात. १३७ जीबी म्हणतात ते हेच.

यापुढचा क्रमांक आला तर काय होते, हा या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. छापील अर्जावर घरक्रमांकासाठी तीनच चौकटी असतील, तर १००० क्रमांकाच्या घराचे पत्र ००० वर जाऊन पडेल. डिस्कवर नेमके तेच घडते. सेक्टर २६,८४,३५,४५६ वर लिहायला सांगितले की वरचा बिट गळून पडतो आणि डेटा सेक्टर शून्यावर लिहिला जातो. तिथे पार्टिशन तक्ता (डिस्कचे भाग कुठून कुठपर्यंत आहेत त्याची नोंद) असतो. त्याच्या मागोमाग पहिल्या पार्टिशनचा बूट सेक्टर, आणि फाइल सिस्टिम (फायली मांडून ठेवायची पद्धत) एफएटी३२ असेल तर फायली कुठे आहेत त्याचा अख्खा तक्ता. म्हणजे डिस्क अर्धीच दिसते हा त्रास परवडला. पूर्ण दिसते पण ड्रायव्हर (विंडोजचा डिस्कशी बोलणारा भाग) २८ बिटांचाच आहे, ही अवस्था घातक. महिनोन्महिने सगळे सुरळीत चालते, आणि ज्या दिवशी भरलेला भाग १३७ जीबी ओलांडतो त्या दिवशी संगणक सुरूच होत नाही.

मॅक्सटरची १६० जीबीची डिस्क २००१ मध्ये आली तेव्हा ही भिंत प्रत्यक्षात आडवी आली. एटीए-६ मानकाने क्रमांकाला ४८ बिट दिले आणि डिस्कच्या बाजूने प्रश्न मिटला. राहिले ते बायोस (संगणक सुरू होताच चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) आणि ड्रायव्हर.

त्याआधीच्या भिंती

अशा भिंती आधीही होत्या. तेव्हा डिस्कवरची जागा सिलिंडर, हेड आणि सेक्टर या तीन आकड्यांनी सांगत; त्यांची बायोसची मोजणी एक आणि एटीएची दुसरी. दोन्हींतली कमीत कमी मर्यादा घेतली की १०२४ × १६ × ६३ सेक्टर, म्हणजे ५२,८४,८२,३०४ बाइट उरत. हेडची संख्या बायोसने आपल्या बाजूने २५५ पर्यंत फुगवून दाखवल्यावर ही मर्यादा ८.४ जीबीवर गेली. १९९९ च्या आसपासच्या काही बायोसमध्ये ३३.८ जीबीची भिंत होती. तिथे मोठी डिस्क लावली की संगणक डिस्क ओळखण्याच्या पायरीवरच गोठे. म्हणून त्या काळच्या अनेक डिस्कवर क्षमता ३२ जीबी दाखवणारा जंपर (पिनांवर बसवायची छोटी टोपी) असे. आज जुनी डिस्क विनाकारण ३२ जीबी दाखवत असेल तर आधी तो जंपर बघावा.

अडते आहे कोण, ते आधी शोधणे

डिस्क बायोस, ड्रायव्हर, पार्टिशन तक्ता आणि फाइल सिस्टिम या चार हातांतून जाते. चौघांपैकी एक जरी कच्चा असला तरी बाकीच्यांचा उपयोग नाही. पहिली खूण बायोसच्या पडद्यावर मिळते. १६० जीबीची डिस्क तिथे १३७ जीबी दिसत असेल तर बायोस जुना आहे. त्याची नवी आवृत्ती मदरबोर्ड बनवणाऱ्याकडे असेल तर ती टाकावी. बायोस पूर्ण आकडा दाखवतो पण विंडोजच्या सेटअपमध्ये १,३१,००० एमबीच्या आसपास दिसते, तर अडचण ड्रायव्हरची आहे. १६० जीबीच्या डिस्कला विंडोज १४९ जीबी आणि ५०० च्या डिस्कला ४६५ जीबी म्हणत असेल तर काहीही बिघडलेले नाही. तो नुसता मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे.

बायोस जुना असूनही विंडोज पूर्ण डिस्क वापरू शकते, कारण एकदा सुरू झाली की ती बायोसला न विचारता आपल्या ड्रायव्हरने डिस्कशी बोलते. पण सुरू होण्याच्या पहिल्या क्षणी एनटीएलडीआर हा लोडर बायोसमार्फतच फायली वाचतो. एखाद्या अपडेटनंतर किंवा डीफ्रॅगनंतर (विखुरलेल्या फायली सलग मांडल्यावर) यातली एखादी फाइल १३७ जीबीच्या पलीकडे गेली तर एनटीएलडीआर किंवा हॅल.डीएलएल सापडत नसल्याचा संदेश येतो, आणि फाइल तर जागेवर असते. यावर खात्रीचा उपाय एकच : सी ड्राइव्ह डिस्कच्या सुरुवातीला आणि लहान ठेवायचा. ४० ते ६० जीबी पुष्कळ झाले.

विंडोज एक्सपी

एक्सपीला ४८ बिटांचा आधार सप्टेंबर २००२ च्या सर्व्हिस पॅक १ ने दिला. माय कॉम्प्युटरच्या प्रॉपर्टीजमध्ये सर्व्हिस पॅक दिसतो. सिस्टिम३२ मधल्या ड्रायव्हर्स फोल्डरात अटापी.एसवायएस (atapi.sys) या डिस्क ड्रायव्हरच्या फाइलची आवृत्ती ५.१.२६००.११३५ किंवा पुढची हवी.

घोळ होतो तो इन्स्टॉल करताना. हाताशी असलेली सीडी २००१ ची मूळ सीडी असेल तर सेटअपला १२८ जीबीच दिसणार. अशा वेळी दोन वाटा आहेत. पहिली : सेटअपमध्ये ४० जीबीचे पार्टिशन पाडावे, बाकी जागा तशीच सोडावी, विंडोज टाकून सर्व्हिस पॅक ३ चढवावा, संगणक पुन्हा सुरू करावा आणि मगच डिस्क मॅनेजमेंटमधून उरलेल्या जागेत डी ड्राइव्ह करावा. क्रम बदलू नये. दुसरी वाट म्हणजे एनलाइटसारख्या साधनाने सर्व्हिस पॅक ३ मुरवलेली सीडी आधीच तयार करणे. पहिल्या वाटेने गेल्यास पुढे सी वाढवता येईल या भरवशावर राहू नये. एक्सपीचे डिस्कपार्ट सिस्टिमचे पार्टिशन वाढवत नाही, त्याला जीपार्टेड या पार्टिशनच्या साधनाची सीडी लागते.

साटा डिस्क (आयडीई या जुन्या जोडणीनंतर आलेली) असलेल्या संगणकावर एक वेगळाच अडथळा येतो आणि लोक त्याला क्षमतेची मर्यादा समजतात. सेटअप ‘एकही हार्ड डिस्क सापडली नाही’ असे सांगते, किंवा ०x००००००७बी या क्रमांकाचा निळा पडदा येतो. एक्सपीकडे एएचसीआय या साटाच्या नव्या पद्धतीचा ड्रायव्हर नसतो, हे त्याचे कारण. बायोसमध्ये साटा मोड एएचसीआयऐवजी आयडीई करावा, किंवा सेटअपच्या सुरुवातीला एफ६ दाबून फ्लॉपीवरून चिपसेटचा ड्रायव्हर द्यावा.

विंडोज २०००

इथे सर्व्हिस पॅक ३ किंवा ४ लागतोच, पण तेवढ्याने भागत नाही. ४८ बिटांचा आधार आलेला असतो, फक्त बंद ठेवलेला असतो. विंडोजची अंतर्गत सेटिंग बदलणाऱ्या रजिस्ट्री एडिटरमध्ये लोकल मशीन, सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, सर्व्हिसेस, अटापी, पॅरामीटर्स असे उतरत जावे, तिथे एनेबलबिगएलबीए (EnableBigLba) नावाची डीवर्ड नोंद करून तिला १ ही किंमत द्यावी आणि संगणक पुन्हा सुरू करावा. नाव सलग लिहायचे. मध्ये जागा सोडली किंवा एखादे अक्षर चुकले तर विंडोज काहीही तक्रार न करता ती नोंद दुर्लक्षित करते.

ही नोंद त्या इन्स्टॉलेशनपुरतीच असते. दोन वर्षांनी विंडोज बिघडली, कोणीतरी सीडी घालून ती पुन्हा टाकली, की नव्या रजिस्ट्रीत ती नसते, आणि डिस्कवर मात्र १३७ जीबीच्या पलीकडे पसरलेला डी ड्राइव्ह आधीपासून असतो. सर्व्हिस पॅक ४ मुरवलेली सीडी असली तरी धोका टळत नाही. म्हणून विंडोज २००० असलेल्या यंत्रात डेटा वेगळ्या डिस्कवर ठेवावा आणि विंडोज पुन्हा टाकताना त्या डिस्कची केबल काढून ठेवावी. कॅबिनेटच्या आत ‘एनेबलबिगएलबीए पाहा’ अशी चिठ्ठी चिकटवून ठेवली तर पुढे हात लावणाऱ्याचा डेटा वाचतो.

विंडोज ९८

ईएसडीआय_५०६.पीडीआर हा तिचा डिस्क ड्रायव्हर २८ बिटांचा आहे आणि मायक्रोसॉफ्टने तो बदलला नाही. मदरबोर्डवर इंटेलचा ८०० मालिकेतला चिपसेट असेल तर इंटेल ॲप्लिकेशन ॲक्सिलरेटर त्याची जागा घेतो. नाहीतर प्रॉमिस अल्ट्रा१३३ टीएक्स२ सारखे पीसीआय कार्ड लावावे. त्याला स्वतःचा बायोस आणि स्वतःचा ड्रायव्हर असतो, त्यामुळे विंडोजचा ड्रायव्हर वाटेत येतच नाही.

एवढे करूनही सोबतची साधने कमी पडतात. पार्टिशन पाडणारी मूळ एफडिस्क ६४ जीबीवरच्या डिस्कमधून ६४ जीबी वजा करून आकडा दाखवते, त्यामुळे ८० जीबीची डिस्क सुमारे १०,८०० एमबीची दिसते. मायक्रोसॉफ्टची दुरुस्त एफडिस्क वापरावी, आणि आकार एमबीत न देता टक्क्यांत द्यावा. स्कॅनडिस्क १२७.५ जीबीपेक्षा मोठे पार्टिशन तपासू शकत नाही. हे सगळे पाहता विंडोज ९८ ला मोठी डिस्क देण्याच्या खटपटीत न पडता १२० जीबीची साटा एसएसडी आणि आयडीई-साटा ॲडाप्टर वापरणे शहाणपणाचे. १२० जीबीच्या एसएसडीत साधारण २३ कोटी ४४ लाख सेक्टर असतात, म्हणजे ती मर्यादेच्या आत बसते.

हाताशी मोठीच डिस्क असेल तर तिलाच लहान करता येते. लिनक्सच्या सीडीवरून एचडीपार्म (hdparm) या आज्ञेचा ‘-N’ (मोठा एन) पर्याय वापरून डिस्कला आपली क्षमता २६,८४,३५,४५५ सेक्टर सांगायला लावता येते. त्यापुढचा भाग राखीव होतो आणि विंडोजला दिसत नाही. हा बदल रिकाम्या डिस्कवरच करावा, आणि नंतर संगणकाचा वीजपुरवठा पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा.

२.२ टीबीची पुढची भिंत

एमबीआर या जुन्या प्रकारच्या पार्टिशन तक्त्यात सेक्टर क्रमांकाला ३२ बिट आहेत. म्हणजे २१,९९,०२,३२,५५,५५२ बाइट. ३२ बिटांच्या एक्सपीला याच्या पुढची जीपीटी पद्धत कळत नाही. ३ टीबीची डिस्क जोडली तर बहुधा ७४६ जीबी दिसते. हा आकडा आकाशातून पडलेला नाही : ३०,००,५९,२९,८२,०१६ मधून वरचा आकडा वजा केला की जे उरते ते ७४६ जीबी. पुन्हा तीच गळून पडलेल्या बिटाची गोष्ट. अशा डिस्कवर ते ७४६ जीबीदेखील वापरू नयेत. एक्सपीसाठी २ टीबी ही शेवटची सुरक्षित डिस्क समजावी.

याला एक अपवाद आहे. ३ टीबीच्या काही यूएसबी डिस्क एक्सपीवर पूर्ण चालतात, कारण पेटीतला सर्किट बोर्ड ५१२ ऐवजी ४०९६ बाइटचे सेक्टर दाखवतो आणि त्याच ३२ बिटांत आठपट जागा मावते. पण ती पेटी बिघडली आणि आतली डिस्क काढून थेट साटाला जोडली, तर सेक्टरचा आकार बदलतो, तक्त्यातले सगळे आकडे चुकतात आणि डिस्क रिकामी भासते. डेटा असतो. तसाच दुसरा बोर्ड मिळवून वाचावा. फॉरमॅट मारू नये. उलट २००२ च्या आसपासच्या यूएसबी पेट्यांमधले बोर्ड स्वतःच २८ बिटांचे असू शकतात, तेव्हा विंडोज नवी असूनही १३७ जीबीचा धोका कायम राहतो.

२०१० नंतरच्या बहुतेक डिस्क आतून ४०९६ बाइटचे सेक्टर वापरतात. एक्सपी पहिले पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करते, ते या मोठ्या सेक्टरांच्या सीमेवर बसत नाही, आणि प्रत्येक लिखाणाला डिस्कला आधी वाचून मग लिहावे लागते. डिस्क चालते पण रडतखडत. पार्टिशन आधी विंडोज ७ किंवा जीपार्टेडवर, २०४८ व्या सेक्टरपासून पाडून घ्यावे आणि एक्सपीच्या सेटअपमध्ये तेच निवडावे.

भरून बघणे आणि बिघडल्यावर

पूर्ण आकडा दिसला म्हणजे काम झाले असे धरू नये. खरा डेटा ठेवण्याआधी डी ड्राइव्ह एच२टेस्टडब्ल्यू या छोट्या साधनाने काठोकाठ भरावा आणि परत वाचून ताडून बघावा. ५०० जीबीला यात काही तास जातात. नंतर संगणक बंद करून सुरू करावा; सी ड्राइव्ह शाबूत असेल आणि तपासणीत चूक नसेल तर चारही हात पक्के आहेत.

मर्यादा ओलांडून डेटा डिस्कच्या सुरुवातीला लिहिला गेलाच असेल, तर पहिली गोष्ट म्हणजे त्या संगणकावर डिस्क पुन्हा सुरू करू नये आणि चेकडिस्क चालवू नये. ती दुरुस्ती म्हणून त्याच चुकीच्या पत्त्यांवर आणखी लिहिते. डिस्क काढून नव्या संगणकाला जोडावी, डीडीरेस्क्यूने तिची पूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि त्या प्रतीवर हरवलेली पार्टिशने शोधणारे टेस्टडिस्क चालवावे. एनटीएफएस या फाइल सिस्टिमच्या बूट सेक्टरची दुसरी प्रत पार्टिशनच्या शेवटी असते, त्यामुळे ते पार्टिशन बऱ्याचदा उभे राहते. एफएटी३२ चे दोन्ही तक्ते सुरुवातीलाच, एकापाठोपाठ असतात. तिथे फोटोरेकने नावाविना फायली वेचून काढणे एवढेच बहुधा हाती राहते.