हतनूरचं पाणी चढतंय की उतरतंय?

तापी-पूर्णेला पूर आला की भुसावळ-रावेरकडे एकच चौकशी : हतनूरचे किती दरवाजे उघडले? धरणाला दरवाजे ४१, त्यामुळे बातमीतही तोच आकडा ठळक. पण साठा वाढतोय की घटतोय हे त्यावरून ठरत नाही. आवक वजा विसर्ग, ही वजाबाकी करावी लागते. पुराच्या धामधुमीत बाष्पीभवन सोडून दिलं, तर ही वजाबाकी म्हणजेच साठ्याचं डेरिव्हेटिव्ह, म्हणजे साठा बदलण्याचा वेग. उत्तर धन, तर साठा वाढता. ऋण, तर घटता.

समजा, आवक १ लाख क्युसेकवरून ८० हजारांवर आली आणि विसर्ग ६० हजार आहे. ‘आवक घटली’ ऐकून लोक निर्धास्त होतात. वजाबाकी मात्र अजून धन २० हजार आहे, पाणी चढणारच! साठा शिगेला पोहोचतो तो आवक आणि विसर्ग सारखे होतील तेव्हा.

बारावीच्या गणितात हेच सूत्रावर करतात. क्ष³ − १२क्ष² + ३६क्ष हे फल (फंक्शन) घ्या. त्याचं डेरिव्हेटिव्ह ३(क्ष − २)(क्ष − ६). ते २ आणि ६ ला शून्य होतं. शून्याला शिवल्याशिवाय त्याचं चिन्ह बदलू शकत नाही, म्हणून प्रत्येक टप्प्यातली एकेकच किंमत घालून बघायची : १ ला १५, ४ ला उणे १२, ७ ला पुन्हा १५. म्हणजे फल २ पर्यंत चढतं, ६ पर्यंत उतरतं, मग परत चढतं.

शून्य दिसलं की शिखर किंवा तळ, असं मात्र धरून चालू नका. क्ष³ चं डेरिव्हेटिव्ह ० पाशी शून्य आहे, पण दोन्ही बाजूंना धनच; फल चढतच राहतं. परीक्षेत हमखास मार्क जातात ते इथे.

खान्देशाचा या विषयाशी जुना संबंध आहे. चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी काढलेल्या मठाची नोंद आहे. ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त भास्कराचार्य ग्रहाची तात्कालिक, म्हणजे त्या क्षणाची, गती काढतात. ग्रहाच्या मध्यम (सरासरी गतीने येणाऱ्या) आणि स्पष्ट (प्रत्यक्ष) स्थानांतला फरक जिथे सर्वाधिक, तिथे त्याची स्पष्ट गती मध्यम गतीएवढीच असते, असं ते सांगतात. म्हणजे त्या जागी फरकाचं डेरिव्हेटिव्ह शून्य! याला संपूर्ण कॅल्क्युलस (बदलाच्या वेगाचं गणित) म्हणणं अतिशयोक्ती होईल. पण न्यूटनच्या पाचशे वर्षं आधी कमाल किमतीपाशी बदलाचा वेग शून्य होतो हे त्यांनी अचूक हेरलं होतं.