‘प्लीज प्लीज मी’ची सोनेरी लेबलं कुठून आली

बीटल्सची पहिली एलपी ‘प्लीज प्लीज मी’ इंग्लंडात २२ मार्च १९६३ रोजी दुकानांत आली. तिची सर्वांत जुनी प्रत ओळखायची खूण बहुतेकांना तोंडपाठ असते: काळं पार्लोफोन लेबल (पार्लोफोन हे ईएमआय या रेकॉर्ड कंपनीचं एक नाव) आणि त्यावर सोनेरी अक्षरं. खूण बरोबर आहे, पण अपुरी. सोनेरी लेबलाच्याही दोन पायऱ्या आहेत. त्यांतला फरक रंगात दिसत नाही, गाण्याच्या नावाखालच्या बारीक अक्षरांत दिसतो. त्या अक्षरांमागे १९६३च्या फेब्रुवारी-मार्चमधला एक व्यवहार आहे.

चौदा गाण्यांपैकी चार आधीच्या दोन सिंगल्सवर येऊन गेली होती. उरलेली दहा ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात, लंडनच्या ॲबी रोडवरच्या स्टुडिओ टूमध्ये मुद्रित झाली. सकाळी दहाला काम सुरू झालं ते रात्री पावणेअकराच्या सुमारास संपलं. निर्माता जॉर्ज मार्टिन, ध्वनिमुद्रक नॉर्मन स्मिथ. यंत्र दोनच ट्रॅकचं, त्यामुळे एका ट्रॅकवर मुख्यतः गळे आणि दुसऱ्यावर वाद्यं अशी वाटणी केली गेली. हेतू स्टीरिओचा नव्हता. मोनो मिश्रण करताना आवाजाचा तोल हाताशी राहावा, एवढ्यासाठी ती सोय होती. २० फेब्रुवारीला मार्टिनने दोन गाण्यांवर पियानो आणि सेलेस्टा चढवला आणि २५ला मोनो व स्टीरिओ दोन्ही मिश्रणं पुरी केली. अवघ्या चार आठवड्यांत रेकॉर्ड बाजारात आली.

घाईच्या याच काळात दोन गोष्टी एकमेकींवर आदळल्या. पहिली लेबलाची. काळ्यावर सोनेरी ही पार्लोफोनची तेव्हाची रूढ मांडणी होती, बीटल्ससाठी मुद्दाम केलेली नव्हती. १९६३च्या वसंतात ईएमआयने ती बदलून काळ्यावर पिवळा पार्लोफोन आणला. नवी एलपी नेमकी या सांध्यावर सापडली.

दुसरी गोष्ट प्रकाशनहक्कांची. लेनन आणि मॅकार्टनी यांच्या गाण्यांसाठी ‘नॉर्दर्न साँग्ज’ ही कंपनी फेब्रुवारी १९६३मध्ये उभी राहिली, पण पहिली लेबलं छापली गेली तेव्हा नव्या गाण्यांपुढे प्रकाशक म्हणून ‘डिक जेम्स म्यूझिक कंपनी’चंच नाव पडलं. ते नंतर दुरुस्त झालं. म्हणून क्रम असा लागतो: आधी सोनेरी लेबल आणि डिक जेम्सचं नाव, मग सोनेरी लेबल आणि नॉर्दर्न साँग्ज, आणि त्यानंतर पिवळं-काळं.

इथे नवखा ग्राहक हमखास फसतो. लेबलवर कुठेतरी ‘डिक जेम्स’ दिसलं की पहिलं प्रेसिंग, म्हणजे पहिल्या छापाची प्रत, हाती लागलं, असं त्याला वाटतं. पण ‘प्लीज प्लीज मी’ आणि ‘आस्क मी व्हाय’ या सिंगलवरच्या दोन गाण्यांचे हक्क डिक जेम्स म्यूझिककडेच राहिले, तेव्हा हे नाव पुढच्या लेबलांवरही आहेच. पाहायची गाणी चार. पहिल्या बाजूला ‘आय सॉ हर स्टँडिंग देअर’ आणि ‘मिझरी’. दुसऱ्या बाजूला ‘डू यू वाँट टू नो अ सीक्रेट’ आणि ‘देअर्स अ प्लेस’. या चारींपुढे डिक जेम्स असेल तरच प्रत पहिल्या पायरीची. विक्रेत्याने एकाच बाजूचा फोटो दिला असेल तर दुसऱ्या बाजूचा मागून घ्यावा. ‘लव्ह मी डू’ आणि ‘पी. एस. आय लव्ह यू’ यांचा प्रकाशक तिसराच, आर्डमोर अँड बीचवुड. त्यावरून पायरी ठरत नाही. याच लेबलवर गीतकारांचा क्रम मॅकार्टनी-लेनन असा आहे, उलटा नाही. ती चूक नव्हे. तेव्हा तसंच छापलं जात होतं.

मोनो प्रतीचा क्रमांक पीएमसी १२०२. स्टीरिओ, पीसीएस ३०४२, महिन्याभराने २६ एप्रिलला निघाली. तोवर सोनेरी लेबलाचे दिवस भरत आले होते, आणि स्टीरिओ प्लेअरही इंग्लंडात मोजक्याच घरांत होते. सोनेरी स्टीरिओ प्रत इतकी दुर्मीळ आणि महाग का, याचं उत्तर एवढंच आहे.

आता लेबल सोडून गुळगुळीत कडेकडे, म्हणजे शेवटच्या खाचेनंतरच्या कोऱ्या पट्टीकडे वळू. रेकॉर्ड तिरपी धरून दिव्याखाली फिरवावी. लेबलाच्या खालच्या अंगाला, घड्याळातल्या सहाच्या जागी, मॅट्रिक्स क्रमांक असतो: मोनोसाठी एक्सईएक्स ४२१-१एन आणि ४२२-१एन, स्टीरिओसाठी वायईएक्स ९४-१ आणि ९५-१. डॅशपुढचा आकडा म्हणजे कितवं कटिंग, म्हणजे मूळ तबकडीवर खाच कोरण्याची कितवी खेप. मोनोची पहिली कटिंग्ज इतकी टिकली की पुढच्या पिवळ्या लेबलांवरही १एनच सापडतं. त्यामुळे ‘१एन आहे, म्हणजे पहिलं प्रेसिंग’ हा दावा मान्य करू नये.

खरी बारीक माहिती नऊ आणि तीनच्या जागी आहे. कापलेल्या लॅकरवर, म्हणजे खाच कोरलेल्या मूळ तबकडीवर, धातूचा मुलामा देऊन उलटा साचा काढतात, त्यावरून सुलटी ‘मदर’ आणि मदरवरून पुन्हा उलटा ‘स्टँपर’. हा स्टँपर प्रेसमध्ये बसतो, झिजतो आणि बदलला जातो. ईएमआयच्या हेज इथल्या कारखान्यात मदरचा आकडा डावीकडे आणि स्टँपरचा क्रमांक उजवीकडे अक्षरांत ठोकत. अक्षरांची किल्ली ‘जी आर ए एम ओ पी एच एल टी डी’ या दहा अक्षरांत: जी म्हणजे १, आर २, ए ३, एम ४, ओ ५, पी ६, एच ७, एल ८, टी ९ आणि डी शून्य. डावीकडे १ आणि उजवीकडे ‘जीओ’ दिसलं, तर पहिली मदर, पंधरावा स्टँपर. दोन्ही बाजू स्वतंत्र चालत, म्हणून एका बाजूचा आकडा लहान आणि दुसरीचा मोठा असणं अगदी नेहमीचं. एकाच लेबलाच्या दोन प्रतींत निवड करायची झाली तर लहान आकड्याची प्रत घ्यावी, पण खाचा स्वच्छ असतील तरच.

पिवळ्या लेबलांचा काळ मजकुरावरून लावता येतो. किरकोळ किमतीच्या अटीची ‘सोल्ड इन यूके’ने सुरू होणारी ओळ १९६४पासून दिसते, कडेच्या मजकुरात ‘द पार्लोफोन कंपनी’ जाऊन ‘द ग्रामोफोन कंपनी’ येते ती १९६५पासून, आणि १९६९मध्ये चंदेरी-काळं, ईएमआयच्या चौकटीचं लेबल येतं. कव्हरवर मात्र भिस्त ठेवू नये. अँगस मॅकबीनने ईएमआयच्या मँचेस्टर स्क्वेअरमधल्या जिन्यात काढलेला फोटो वर्षानुवर्षं तोच राहिला. पुढची बाजू चकचकीत लॅमिनेटची, मागे कडा दुमडून बाहेरून चिकटवलेल्या, खाली छापखान्याचं नाव. जुन्या कव्हरात नंतरची रेकॉर्ड घालून विकणं फार सोपं असतं. म्हणून लेबल आणि कोरी पट्टी पाहिल्याशिवाय भाव बोलू नये.

मोनो आणि स्टीरिओत फरक केवळ मांडणीचा नाही. ‘प्लीज प्लीज मी’ हे गाणं स्टीरिओवर वेगळ्या टेकमधून घेतलंय. शेवटच्या कडव्यात लेननचे शब्द चुकतात आणि पाठोपाठच्या ओळीत दाबलेलं हसू ऐकू येतं. मोनोत ते नाही. ‘लव्ह मी डू’ आणि ‘पी. एस. आय लव्ह यू’ यांच्या दोन ट्रॅकच्या टेप्स उरल्याच नव्हत्या, म्हणून मोनोवरून नकली स्टीरिओ केला गेला. तो पोकळ लागतो, त्याचा दोष प्रतीला देऊ नये. ‘लव्ह मी डू’ची आणखी एक गंमत: ऑक्टोबर १९६२च्या पहिल्या सिंगलवर ड्रम रिंगोचे आहेत, एलपीवर अँडी व्हाइटचे. रिंगो इथे टँबोरिन वाजवतो, आणि टँबोरिन ऐकू आली की ती एलपीचीच आवृत्ती.

अमेरिकेत हीच गाणी ‘व्ही-जे’ कंपनीने १० जानेवारी १९६४ला ‘इंट्रोड्यूसिंग द बीटल्स’ नावाने काढली, आणि तिथेही प्रकाशनहक्कच आडवे आले. बीचवुडच्या हरकतीमुळे ‘लव्ह मी डू’ आणि ‘पी. एस. आय लव्ह यू’ काढून त्यांच्या जागी ‘आस्क मी व्हाय’ आणि ‘प्लीज प्लीज मी’ घालावी लागली. या एलपीच्या बनावट प्रती अमाप आहेत. लेबलवर एलपीचं नाव मधल्या भोकाच्या वर आणि बीटल्सचं नाव खाली असेल, तर प्रत बनावट. खरीत दोन्ही नावं भोकाच्या वरच असतात. भारतात बीटल्सच्या एलपी ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाच्या दमदम कारखान्यात पार्लोफोनच्याच नावाने निघाल्या. मुंबईच्या जुन्या बाजारात हाती येते ती बहुधा ही. लेबलवर ‘मेड इन इंडिया’ असतंच. संग्रहात तिला मान आहे, पण इंग्लिश प्रतीचा भाव तिला लावू नये.

आवाजासाठी घ्यायची असेल तर आमची शिफारस स्वच्छ पिवळ्या लेबलाची मोनो. कटिंग तेच, त्यामुळे सोनेरी प्रतीचं जास्तीचं मोल इतिहासाचं आहे, नादाचं नाही. २०१४ची मोनो आवृत्ती ॲनालॉग टेपवरूनच कापलेली आहे आणि रोज वाजवायला ती उत्तम. जुनी प्रत मात्र दिसण्यावरून घेऊ नये. त्या काळच्या प्लेअरांच्या सुई धरणाऱ्या जड दांड्यांनी खाचांच्या भिंती कुरतडल्या आहेत, आणि वरवर चकचकीत दिसणारी रेकॉर्डही आतून गेलेली असते. थेट दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं, ‘ट्विस्ट अँड शाउट’, लावावं. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर वेगाने सरकते. आत येईतो तो वेग निम्म्याच्या आसपास उतरतो, नाद कमी लांबीत कोंबला जातो आणि झीज तिथे आधी बोलते. लेननचा आवाज तसाही फाटलेला आहे, कारण दिवसभर गाऊन बसलेल्या घशाने ते गाणं अगदी शेवटी गायलं होतं. तेव्हा गळ्यावरून नव्हे, झांजांवरून पारख करावी. त्या ‘छन्न’ वाजल्या तर प्रत चांगली. ‘खर्र’ वाजल्या तर खाचा गेल्या.